उतारवयातली मैफल कशी ऐकावी

आवडता गायक पंचाहत्तरीत रंगमंचावर येतो, दीड-दोन तास गातो, आणि बाहेर पडताना रसिकांमध्ये दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "आता थांबायला हवं होतं." दुसरा म्हणतो, "तोच आवाज, काही फरक नाही." दोन्ही मतं प्रेमापोटीच येतात. पण नेमकं काय गेलं आणि कुठल्या ओळीत गेलं असं विचारलं, की दोघेही अडखळतात. आवाज टप्प्याटप्प्याने ओसरतो. काही गोष्टी लवकर जातात, काही उशिरा, काही शेवटपर्यंत टिकतात. त्या सुट्या करून ऐकता आल्या तरच मोठ्या कलाकाराच्या शेवटच्या वर्षांबद्दल न्यायाने बोलता येतं. त्यासाठीची ही पद्धत.

आधी तुलनेचं साहित्य जमवा

तीन गाणी निवडा. एकात त्या गायकाचा सर्वांत उंच सूर असावा, दुसरं संथ आणि लांब ओळींचं असावं, तिसऱ्यात शब्दांची दाटी आणि वेग असावा. पहिल्यात आवाजाचा पल्ला कळतो, दुसऱ्यात दमसास, तिसऱ्यात जिभेची आणि स्मरणाची चपळाई. प्रत्येक गाणं चार काळांतलं घ्या: ऐन भराचा काळ, पन्नाशी, साठी आणि आत्ताचा दौरा. प्रत्येक काळातल्या किमान तीन वेगवेगळ्या रात्री हव्यात. एकूण 36 तुकडे होतात. इतके जमत नसतील तर गाणी कमी करा, रात्री कमी करू नका. एकाच रात्रीवरून सर्दी, प्रवासाचा थकवा, बिघडलेला मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) आणि वय यांतलं काय कारणीभूत होतं ते ओळखता येत नाही.

स्टुडिओतलं मूळ गाणं या तुलनेत घेऊ नका. ते अनेक टेकमधल्या चांगल्या ओळी जोडून बनलेलं असू शकतं, आणि तो उंच सूर त्या दिवशी एकदाच लागला तरी काम भागतं. दौऱ्यात तोच सूर दर रात्री लावावा लागतो. म्हणून चाळिशीतली मैफल आणि पंचाहत्तरीतली मैफल समोरासमोर ठेवा. अधिकृत 'लाइव्ह' अल्बमही जपूनच घ्या. वेगवेगळ्या रात्रींमधून निवड करणं आणि काही ओळी नंतर स्टुडिओत दुरुस्त करणं ही या अल्बमांची जुनी रीत आहे. रेडिओ किंवा दूरचित्रवाणीवरचं थेट प्रक्षेपण सर्वांत विश्वासाचं.

ध्वनिमुद्रण कुठून झालं हेही लिहून ठेवा. थेट मिक्सरमधून घेतलेल्या साउंडबोर्ड रेकॉर्डिंगमध्ये आवाज कोरडा आणि उघडा पडतो. सभागृहाचा घुमारा नसतो, प्रत्येक कणसूर (किंचित बेसूर) जागा कानावर आदळते. श्रोत्यांमधून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सभागृह बरंच झाकून घेतं. तरुणपणीचं श्रोत्यांमधलं रेकॉर्डिंग आणि म्हातारपणीचं साउंडबोर्ड अशी जोडी लावली की उतार आहे त्याच्या दुप्पट वाटतो. सर्वांत जास्त अन्याय या एका चुकीतून होतो. फोनवरच्या चित्रफितीत आणखी एक घोळ असतो: फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो. त्यामुळे गायकाने हळू गायलं की जोरात, हे फोनच्या रेकॉर्डिंगवरून ठरवू नका.

जुन्या कॅसेटी आणि टेप यांचा वेग तपासल्याशिवाय पट्टीबद्दल एक शब्दही लिहू नका. टेप सहा टक्के जास्त वेगाने चालली की गाणं अर्धा सूर वर चढतं. तपासणी सोपी आहे. स्टॉपवॉच लावून 32 ठोके मोजा. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत त्यांना 16 सेकंद लागतात. त्याच दौऱ्याच्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये 15.1 सेकंद लागले आणि पट्टीही नेमकी अर्धा सूर वर असली, तर तो टेपचा दोष. लय तीच राहून फक्त पट्टी बदलली असेल, तर बदल खरा.

पट्टी किती उतरली

पट्टी गायकाच्या सुरावरून काढू नका, कारण नेमकी त्याच सुराची परीक्षा चालली आहे. गाण्याच्या शेवटी बास गिटार किंवा पियानो ज्या सुरावर थांबतो तो पेटीवर शोधा. बहुतेक गाणी षड्जावर संपतात. मग ऐन भराच्या काळातली आणि आत्ताची पट्टी शेजारी लिहा आणि जुन्या पट्टीवरून नव्या पट्टीपर्यंत काळ्या-पांढऱ्या धरून किती पायऱ्या उतरल्या ते मोजा. पांढरी तीनवरून पांढरी दोनवर आलं असेल तर दोन अर्धे सूर उतरले. गाण्यातला सर्वांत उंच सूर पूर्वी 440 हर्ट्झचा असेल, तर आता तो 392 चा झाला. ट्यूनरने 440 ऐवजी 442 दाखवलं तर सोडून द्या. तो फरक अर्ध्या सुराच्या सुमारे तेराव्या भागाइतका आहे आणि वाद्यं जुळवण्याच्या पद्धतीतून येतो.

चित्रफितीत गिटारवादकाची बोटं पाहून पट्टी ठरवणारे फसतात. सगळी गिटारं अर्धा किंवा एक सूर खाली जुळवून घेतली, तर बोटं जुन्याच जागी दिसतात आणि सूर मात्र खालचा निघतो.

पट्टी उतरवणं हा कमीपणा नाही. पण तिला मर्यादा आहे, आणि ती वरच्या टोकाला नसून खालच्या टोकाला असते. दीड सप्तकाचा पल्ला असलेलं गाणं चार अर्ध्या सुरांनी उतरवलं की वरचा सूर आटोक्यात येतो, पण अंतऱ्याच्या सुरुवातीचे सूर इतके खाली जातात की वाद्यमेळात ऐकूच येत नाहीत. तिथून पुढे गायक पट्टी सोडून चालच बदलतो. उंच सुराऐवजी त्याखालचा गंधार किंवा पंचम घेतो, ओळ बोलल्यासारखी टाकतो, किंवा मुखड्याचं टोक कोरसकडे सोपवतो. या जागा वहीत अगदी शब्दासकट नोंदवा. कुठल्या वर्षी कुठला सूर सोडला याची अशी यादी झाली की त्या गायकाच्या आवाजाचा नकाशा हाती येतो.

आवाजात काय बिघडतं आणि का

स्वरतंतूंचा स्नायू वयाबरोबर बारीक होतो, तंतूंच्या कडा मधोमध वाकतात आणि बंद होताना फट राहते. त्या फटीतून हवा निसटते. परिणाम दोन: आवाजात फुसफुस मिसळते, आणि श्वास लवकर संपतो. त्यात बरगड्यांना जोडणाऱ्या कूर्चा कडक होतात, छाती पूर्वीइतकी फुलत नाही, फुप्फुसात उरणारी पण वापरता न येणारी हवा वाढते. म्हणजे भांडवल घटतं आणि खर्च वाढतो. संथ गाण्यातली सर्वांत लांब ओळ घ्या आणि ती किती श्वासांत म्हटली हे चारही काळांत मोजा. पूर्वी नऊ सेकंदांची ओळ एका दमात येत असेल, तर आता ती दोन-तीन श्वासांत तुटेल. तुटली कुठे ते महत्त्वाचं. दोन शब्दांच्या मध्ये, अर्थ सांभाळून तुटली असेल, तर तिथे पन्नास वर्षांची तालीम काम करते आहे. शब्दाच्या पोटात तुटली, तर श्वासाने खरोखरच दगा दिला.

उंच सुरांबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आधी जातो तो हळुवार उंच सूर. जोर लावून घेतलेला उंच सूर त्यानंतरही बरीच वर्षं तग धरतो. हलक्या दाबावर तंतू सारखे कंप पावायला ते लवचीक आणि ओलसर असावे लागतात, आणि वयानुसार लवचीकपणा व ओलावा दोन्ही कमी होतात. म्हणून गायक वरच्या जागा ओरडून घेऊ लागला की टाळ्या वाढतात, पण जाणत्या कानाला तिथेच उताराची पहिली खूण दिसते. टाळ्यांकडे लक्ष न देता त्याच गाण्यातली सर्वांत कोमल जागा ऐका.

आता सुरावरचा कंप, म्हणजे व्हायब्रेटो. पाश्चात्त्य धाटणीच्या गायकीत तो सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा असतो. वय झालं की तो मंदावतो आणि रुंदावतो. सूर डुलतो आहे असं वाटतं. मोजायचा असा: चार सेकंदांचा लांब सूर शोधा, निम्म्या वेगाने वाजवा आणि आठ सेकंदांत किती लाटा येतात ते मोजा. वीसपेक्षा कमी आल्या तर कंप सेकंदाला पाचाच्या खाली गेला. आपल्याकडची मींड, आंदोलन किंवा गमक या मापात घालू नका. ते हेतुपुरस्सर असतात, रागाप्रमाणे बदलतात.

सूर उतरण्याची कारणं त्याच्या जागेवरून कळतात. लांब सुराची फक्त शेपूट खाली येत असेल, तर श्वास कमी पडतो. फक्त वरच्या जागा कणसूर असतील, तर पल्ला आखडला आहे. अख्खं गाणं सुरुवातीपासून एकसारखं किंचित वर किंवा खाली असेल, तर गळ्यावर ठपका ठेवू नका; बहुधा गायकाला स्वतःचा आवाज किंवा वाद्यं नीट ऐकू येत नाहीत. कानातला मॉनिटर बिघडलेला असेल, किंवा आयुष्यभर मोठ्या आवाजाशेजारी उभं राहून वरच्या कंपनसंख्यांची श्रवणशक्ती गेलेली असेल. असा गायक पुढच्या गाण्यात एकदम सुरात आला, तर दोष मॉनिटरचाच होता.

स्त्री आणि पुरुषांचे आवाज वेगळ्या दिशांनी सरकतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीचा आवाज सहसा खाली येतो, वरचं टोक जातं आणि खर्जात नवा रंग येतो. खूप वृद्ध पुरुषाचा बोलण्याचा आवाज उलट किंचित चढतो आणि पातळ होतो. गाण्यांच्या मध्ये गायक जे बोलतो तेही त्यासाठी ऐका. बोलण्याचा आवाज घोगरा आणि गाण्याचा स्वच्छ असेल, तर तो तंत्रावर गातो आहे.

आलेख काढायचा असेल तर सॉनिक व्हिज्युअलायझर किंवा प्राट ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. दोन्हींना एकटा आवाज लागतो. मागे ड्रम आणि गिटार असेल तर आकडे भलतेच येतात, म्हणून साथ थांबते अशीच ओळ निवडा. अर्ध्या सुराचे 100 सेंट धरतात. साधारण 20 सेंटपर्यंतची तफावत गाण्यात फारशी खटकत नाही, तेव्हा तेवढ्यावरून कुणाला बेसूर ठरवू नका.

"हा खरंच गातोय का?"

हा आरोप करण्याआधी अंतर मोजा. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. रंगमंचापासून 70 मीटरवर उभं राहून चित्रफीत काढली, तर आवाज ओठांच्या मागे 0.2 सेकंद येणारच. अशा चित्रफितींवरून कितीतरी प्रामाणिक गायक बदनाम झाले आहेत.

खरी तपासणी दोन-तीन रात्री शेजारी लावून होते. क्लिक ट्रॅकवर (वादकांच्या कानात पडणाऱ्या ठरावीक ठोक्यांवर) वाजणाऱ्या वाद्यवृंदाची लय रोज सारखीच असते, त्यामुळे वाद्यं जुळण्याने काही सिद्ध होत नाही. गायकाची शब्दफेक पाहा. एखादा शब्द ठोक्याच्या किती आधी वा नंतर पडतो, हरकत कुठे सुटते, श्वास कुठे ऐकू येतो. जिवंत गाण्यात हे दर रात्री हलतं. तीन रात्री तिन्ही गोष्टी तंतोतंत जुळल्या तर ती ओळ ध्वनिमुद्रित आहे. माइक तोंडापासून लांब गेल्यावरही आवाज तसाच राहणं ही दुसरी खूण. पण सगळं किंवा काहीच नाही असा निकाल देऊ नका. पूर्ण गाणं वाजवून ओठ हलवणं, स्वतःच्या आवाजाखाली जुन्या आवाजाचा पातळ थर ठेवणं, आणि कोरसमधल्या गायकाने फक्त उंच टोक उचलणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी तर उघड्यावर चालते आणि तिच्यात लपवण्यासारखं काही नाही.

सुरांची यांत्रिक दुरुस्ती वयस्कर आवाजात ओळखणं तरुण आवाजापेक्षा सोपं जातं. दुरुस्तीने सूर सरळ होतो, पण आवाजाच्या जोरातली थरथर तशीच राहते. सूर स्थिर आणि जोर हेलकावणारा, हे गळ्यात सहसा एकत्र सापडत नाही.

वय की आजार

वर्षानुवर्षं हळूहळू घसरण झाली तर वयाकडे बोट दाखवता येतं. काही दिवसांत बदल झाला तर सर्दी, संसर्ग किंवा गळ्याला इजा. एका तारखेच्या आधी एक आवाज आणि नंतर दुसरा, असं असेल तर बहुधा शस्त्रक्रिया. ब्रिटिश पॉप गायक एल्टन जॉन यांच्या गळ्यावर 1987 च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते चाळिशीतही नव्हते. त्यानंतरचा त्यांचा आवाज जाड आणि खालचा झाला आणि वरचा हलका आवाज गेला. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या मैफलींची तुलना करून 'वय झालं' म्हणणं चूकच. ऑपेरा गायिका मारिया कॅलास 1973-74 मध्ये गायक ज्युसेप्पे दी स्तेफानो यांच्यासह पियानोच्या साथीवर अखेरच्या दौऱ्यावर निघाल्या तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. समीक्षकांनी झोडपलं, श्रोते उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, आणि 11 नोव्हेंबर 1974 ला सापोरो इथे त्यांचं जाहीर गाणं थांबलं.

अमेरिकन गायिका लिंडा रॉनस्टॅट यांचं उदाहरण प्रत्येक टीकाकाराने ध्यानात ठेवावं. त्यांचा शेवटचा कार्यक्रम 2009 मध्ये झाला. 2013 मध्ये त्यांनी पार्किन्सनचं निदान झाल्याचं सांगितलं, पुढे निदान बदलून प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी असं झालं. शेवटच्या वर्षांत आवाज ताब्यात राहत नव्हता त्यामागे मेंदूचा आजार होता. बाहेरून ऐकून हे कुणालाच ओळखता आलं नसतं. म्हणून वहीत लक्षण लिहा, रोगाचं नाव लिहू नका. कलाकाराने स्वतः सांगितल्यावरच त्याची चर्चा करा.

प्रत्यक्ष मैफलीला जाताना

दौऱ्याची पहिली रात्र टाळा आणि लागोपाठच्या रात्रींतली दुसरीही टाळा. दौऱ्याचा मधला टप्पा आणि विश्रांतीच्या दिवसानंतरची रात्र ही सर्वांत चांगली निवड. जागा घेताना मिक्सरच्या टेबलाच्या आसपास, मधोमध घ्या, कारण ध्वनितंत्रज्ञ जे ऐकून आवाज जुळवतो तेच तुमच्या कानी पडतं. अगदी पुढच्या रांगेत बास अंगावर येतो आणि गळा हरवतो. सज्जाच्या खाली वरचे सूर मंदावतात. सर्व सुरांना सारखे कमी करणारे, 15 डेसिबलच्या आसपासचे कानातले बोळे लावले तर मोठ्या आवाजात शब्द उलट स्पष्ट होतात.

आधीचा आठवडाभर त्या गायकाच्या ऐन भराच्या काळातलं काही ऐकू नका. चालू दौऱ्यातली दोन-तीन रेकॉर्डिंग ऐका. कान नव्या पट्टीला सरावले नसतील तर पहिला तासभर गाणं ऐकण्याऐवजी मन जुनं आणि नवं यांची वजाबाकी करत बसतं.

पहिल्या तीन गाण्यांवर मत बनवू नका. वृद्ध गळा तापायला वेळ घेतो. सहसा मैफलीच्या मध्यावर आवाज सर्वांत मोकळा असतो, मग थकवा चढतो. गाण्यांचा क्रम लिहून घ्या. अवघड गाण्याआधी लांब वाद्यखंड ठेवलाय का, दोन उंच गाण्यांमध्ये गप्पा वाढल्यात का, पूर्वी अडीच तास चालणारा कार्यक्रम दीड तासावर आलाय का. यावरून गायक स्वतःचा आवाज किती ओळखून आहे ते कळतं, आणि आमच्या मते उतारवयातली खरी कसोटी हीच. शब्दांसाठी टेलिप्रॉम्प्टर दिसला तर त्याचा बाऊ करू नका. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा यांनीही अखेरच्या वर्षांत तो वापरला. ओळ चुकल्यावर गायक लय सोडतो की ठेक्यावरच नवा शब्द बसवतो, तेवढं पाहा.

काय उरलं, तेही त्याच बारकाईने लिहा

रसिकांच्या लिखाणात घसरणीला दहा ओळी आणि उरलेल्याला "अजूनही जादू आहे" एवढी एक ओळ मिळते. उरलेल्याचंही मोजमाप होतं. ठहराव, शब्दाचा लगाव, ठोक्याच्या मागे रेंगाळण्याची सवय, मुखड्यावर परत येण्याची नेमकी वेळ या गोष्टी गळ्यापेक्षा जास्त टिकतात. चारही काळांतली एकच ओळ घ्या आणि शब्द ठोक्यावर कुठे पडतात तेवढंच लिहा. पुष्कळदा म्हातारपणीची ओळ जास्त धीट निघते.

कॅनडाच्या गायिका जोनी मिचेल यांनी 1969 मध्ये, पंचविशीत, ध्वनिमुद्रित केलेलं एक गाणं 2000 मध्ये वाद्यवृंदासह पुन्हा गायलं. आवाज कितीतरी खाली आलेला, धुरकट, आणि अनुभवाचे शब्द तोंडी असलेल्या त्या गाण्याला तो जास्त शोभला. 2015 च्या मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या आजारानंतर 2022 च्या जुलैमध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्या बसून गायल्या, आजूबाजूला सहकारी गायक होते, वरच्या जागा या सहकाऱ्यांनी उचलल्या. कॅनडाचे गायक-कवी लेनर्ड कोहेन 2008 मध्ये 73 व्या वर्षी दौऱ्यावर परतले आणि 2013 पर्यंत जवळजवळ तीन-तीन तासांचे कार्यक्रम करत राहिले; पल्ला इवलासा, पण गाणीच त्या खर्जात बसवलेली. 1910 साली जन्मलेल्या शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं नाव सर्वदूर झालं ते साठी उलटल्यावर. या तिघांकडे 'तरीही' न लावता पाहावं लागतं.

लिहिताना प्रत्येक विधानासोबत तारीख, गाणं, ओळ, पट्टी आणि रेकॉर्डिंगचा प्रकार द्या. "आवाज गेला" ऐवजी "2019 पर्यंत अंतऱ्यातला वरचा षड्ज लागत होता, या दौऱ्यात तीनही रात्री कोरसने घेतला" असं लिहा. मैफलीच्या रात्री लिहिलेलं लगेच कुणाला दाखवू नका. तीन आठवड्यांनी त्याच रात्रीचं रेकॉर्डिंग मिळवून पुन्हा ऐका, आणि ज्या नोंदी तेव्हाही टिकतात तेवढ्याच ठेवा.